गजदंताचा चहा

गिरिधर मास्तरांच्या घरात नवा डबा, नवी पुडी किंवा साबणाची नवी वडी आली की ती आधी मास्तरांच्या हातात जायची. मास्तर चष्मा लावायचे, कानामागची तांबडी पेन्सिल काढायचे आणि वर छापलेला मजकूर तपासायचे. मगच ती वस्तू स्वयंपाकघरात जाई. काडेपेटी असली तर तोवर चूल थांबून राही.

"अहो, काडी तेवढी काढून द्या, मंग तपासा निवांत," सरोजिनीबाई आतून म्हणायच्या.

"थांब जरा. 'सुरक्षीत' लिहिलंय यांनी. ही पेटी घरात ठेवायची म्हणजे जोखीम आहे."

यात मास्तरांचा तरी काय दोष? ते जालन्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे, आणि निजामाच्या राज्यात शाळेचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, हजेरीसुद्धा उर्दूत. मराठीच्या वाट्याला आठवड्यातून दोन तास यायचे, तेही जेवणानंतरचे, पोरं आणि हेडमास्तर मिळून पेंगायच्या वेळचे. अशा शाळेत निबंध लिहिणार कोण आणि मास्तर तपासणार काय? हाताला तपासायची सवय लागलेली असली म्हणजे निबंध नाही मिळाला तर माणूस हिंगाची डबी तपासतो. बोलण्यातल्या चुकांना मात्र ते कधी काही म्हणत नसत. बोललेलं हवेत जातं, छापलेलं तसंच राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. या एका सवलतीवर त्यांचा संसार वीस-बावीस वर्षं सुखात चालला होता.

तारा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मास्तरांनी तिला घरीच शिकवलं, आणि असं शिकवलं की गेल्या दिवाळीत तिनं खुद्द त्यांच्याच पत्रातली चूक काढून दाखवली. मास्तरांनी आधी कोश उघडून खात्री केली आणि मग आठवडाभर सगळ्या गल्लीत कौतुक सांगितलं. आता ताराचं लग्नाचं वय झालं होतं. दोन स्थळं येऊन गेली होती, आणि ती का गेली हे सबंध जालन्याला माहीत होतं. परतूरच्या मंडळींनी मुलाची पत्रिका पाठवली, ती मास्तरांनी तपासून परत केली. खाली शेरा मारला, 'अक्षर बरे, लक्ष द्यावे.' दुसऱ्या स्थळाच्या वडिलांनी सत्यनारायणाची पोथी छापून घेतली होती. मास्तरांनी त्यांना जे शुद्धिपत्र करून दिलं ते पोथीपेक्षा जाड भरलं.

त्यामुळे गावातल्याच कादराबाद पेठेतले किराणावाले भुजंगराव तिसरं स्थळ घेऊन आले, ते थेट मागच्या दारानं सरोजिनीबाईंकडे आले.

"वहिनी, अंबडचे जगन्नाथपंत येऊन राह्यले शुक्रवारी, मुलगी बघायला. घरचं चांगलं हाय. मुलगा भालचंद्र, औरंगाबादला इंटर झाला. स्वभावानं गरीब गाय."

"करतात काय ते लोक?"

"मंजन. गजदंत दंतमंजन त्यांचंच की." भुजंगराव घुटमळले. "मास्तरांना जरा तेवढं…"

"कळलं," सरोजिनीबाई म्हणाल्या. गजदंत हे नाव ऐकताच त्यांची नजर फळीवरच्या डब्यांकडे गेली होती.

कारण त्या घरात गजदंताचे चार डबे होते. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, म्हणून मंजन संपलं तरी टाकवत नसे. एकात सुंठ, एकात हिंग, एकात वेलदोडे, आणि चौथा मोरीतला, खऱ्या मंजनाचा. प्रत्येकावर एक हसणारा हत्ती, आणि हत्तीच्या भोवती सोंडेपासून शेपटीपर्यंत मास्तरांची तांबडी पेन्सिल. एका डब्यावर तर त्यांनी कोपऱ्यात गुणही दिले होते, दहापैकी दीड. घर लहान. सोप्यात बसलेल्या पाहुण्याला स्वयंपाकघरातली फळी समोरच दिसायची.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सरोजिनीबाईंनी मास्तरांपुढे हात पसरला. "पेन्सिल द्या."

"कशाला?"

"आधी द्या. आता माझ्या गळ्याची आण घ्या. पाहुणे उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत कशालाच चूक म्हणायचं न्हाई. लिहिलेल्याला न्हाई, छापलेल्याला न्हाई, खाण्यापिण्याला न्हाई."

"खाण्यापिण्यात मी कधी चुका काढल्या?"

"मागच्या खेपेला पोह्यांवर अनुस्वार द्यावा का, यावर बोलत बसल्ते तुम्ही. पोहे गार झाले, पाहुणे त्याहून गार झाले."

मास्तर हळूच म्हणाले, "आणि त्यांनीच विचारलं तर?"

"छान म्हणायचं."

"खोटं बोलायचं?"

"पोरीसाठी बोलायचं. याही खेपेला तोंड उघडलं तर पोर घरातच राहील, आणि मंग तुम्ही दोघं बसा डबे तपासत."

मास्तरांनी ताराकडे पाहिलं. ती कोपऱ्यात बसून वाती वळत होती, मान वर करत नव्हती. तिलाही हे लग्न व्हावंसं वाटत होतं हे त्या खाली घातलेल्या मानेवरून मास्तरांना कळलं. त्यांनी आण घेतली.

गुरुवारी मायलेकींनी चारी डबे घंगाळातल्या पाण्यात बुडवले. लेबलं भिजून सुटली, हत्ती गेले, तांबडी पेन्सिल गेली. घासूनपुसून डबे अंगणात उन्हात ठेवले तेव्हा ते चांदीसारखे चमकत होते, आणि चारी अगदी एकसारखे दिसत होते. सरोजिनीबाईंनी ते फळीवर ओळीनं मांडले. मंजनाचा डबा शेवटी ठेवला, म्हणजे संध्याकाळी मोरीत न्यायला बरा. संध्याकाळी मोरीचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला. ताराच्या डोक्यात मात्र दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांनी घर केलं होतं. तिनं फळी पुसली आणि डबे पुन्हा मांडले, तिच्या मतानं जास्त नीट.

निजामाच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. दुपारच्या अंबडच्या मोटारीनं पाहुणे आले. जगन्नाथपंत अंगानं भरलेले, दात पांढरेशुभ्र, आणि बोलताना ते दिसतील अशी काळजी घेणारे. त्यांच्या पत्नी नंदाबाई शांत, सगळीकडे नजर फिरवणाऱ्या. भालचंद्र चष्मेवाला, हडकुळा. त्यानं आल्या आल्या खाली बघायला जी सुरुवात केली ती सोडलीच नाही.

हवापाण्याचं बोलणं झालं. कापसाच्या भावाचं झालं. मग जगन्नाथपंतांनी पिशवीतून एक कोरा करकरीत डबा काढला आणि मास्तरांच्या हातात ठेवला.

"नवं लेबल हाय, मास्तर. हैद्राबादला छापून घेतलं. वाचा. मोठ्यानं वाचा."

सरोजिनीबाई दाराआड येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी चष्मा लावला आणि वाचलं, "'हा मंजन रोज दातास लावला तर तोंड सुवासिक होतो. हिरड्यातून रक्त येतो तो बंद होतो. दाताचा सगळा दुखणं जातो.'"

त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. तिथं पेन्सिल नव्हती. तो हात तसाच त्यांनी कानावरून फिरवून खाली आणला.

"कसं हाय?" जगन्नाथपंतांनी विचारलं.

"छान आहे."

"सगळं बराबर?"

"बिलकुल बरोबर."

जगन्नाथपंतांचा चेहरा जरासा उतरला. पण त्याच वेळी तारा चहा घेऊन बाहेर आली, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

थंडीचे दिवस, म्हणून सरोजिनीबाईंनी पहिल्या डब्यातली सुंठ घालून चहा करायला सांगितला होता. ताराला डब्यातल्या भुकटीला लवंगेचा वास आला, पण आईनं पाहुण्यांसाठी सुंठीत लवंग कुटून घातली असेल असं तिला वाटलं. पाहुण्यांचा मान म्हणून तिनं सढळ हातानं घातली होती. सगळ्यांना कप देऊन ती आत जाऊन दाराशी उभी राहिली.

पहिला घोट मास्तरांनी घेतला. जिभेला तुरटी लागली, टाळूला कापूर लागला, आणि तोंड आतून असं आवळलं की गिळावं कसं ते कळेना. हा चहा नव्हे, हे त्यांना पुरतं समजलं. पण खाण्यापिण्याला चूक म्हणायचं नव्हतं. त्यांनी दुसरा घोट घेतला.

नंदाबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि पदरानं ओठ टिपले. मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या हातच्या चहाला नाव ठेवू नये, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "थंड वाटतं तोंडाला," एवढंच त्या म्हणाल्या. भालचंद्र खाली बघत पीत होता. मधूनच तो कपाच्या कडेवरून दाराकडे बघायचा आणि पुन्हा एक घोट घ्यायचा. बघायला निमित्त हवं म्हणून तो भराभर पीत होता.

जगन्नाथपंतांनी मात्र घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले. पुन्हा घोळवला. मग कप खाली ठेवून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, चहा कसा झालाय?"

"उत्तम," मास्तर म्हणाले. आवळलेल्या तोंडातून तो शब्द बारीक होऊन बाहेर पडला.

"घ्या की मंग अजून."

मास्तरांनी घेतला.

"मास्तर, गजदंताचा एकेक घाणा मी स्वतः चाखून बघतो, मंगच डबे भरू देतो. माझं मंजन मला ओळखू येत न्हाई का? हा चहा माझ्या मंजनाचा हाय."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. ताराच्या हातातून चहाचं पातेलं सुटलं होतं.

"चहाचं काही न्हाई," जगन्नाथपंत म्हणाले. "घाईत होतं असं. घरोघरी होतं. पण तुम्ही तो पिऊन उत्तम म्हणून राह्यले, त्याचं मला वाईट वाटलं. मी कशाला आल्तो सांगू? तो किराणावाला भुजंगराव मला तक्रार म्हणून सांगत होता, की जालन्यात एक मास्तर हाय, माझा डबा घेतो आणि दुकानातच उभा राहून चुका काढतो. मी म्हटलं, सोयरिक करायची तर त्याच घरात. मास्तर, मला सगळे छानच म्हणतात. कामावरच्या बाया छान म्हणतात, व्यापारी छान म्हणतात. आणि मंग नांदेडच्या बाजारात माझं लेबल चारचौघांत वाचून लोक हसून हसून पडले. माझ्या तोंडावर खरं सांगणारा एक माणूस पाहिजे होता मला. तुम्ही तर मंजन प्याले आणि उत्तम म्हणाले." ते उठले. "चला, नंदे. मोटार जाईल."

दारातून सरोजिनीबाई बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर असं कधी न येणाऱ्या बाई, पण आता लाजायला वेळच नव्हता. "पंत, थांबा. यांचा दोष न्हाई. मीच गळ्याची आण घातली यांना, की कशालाच चूक म्हणायचं न्हाई. ते चार डबे बघा फळीवर. चारी तुमचेच हायत. यांच्या पेन्सिलीनं लाल झाले होते म्हणून काल लेबलं भिजवून काढली मी. म्हणून तर मंजन चहात गेलं."

जगन्नाथपंतांनी फळीकडे पाहिलं. "लाल म्हणजे, किती लाल?"

"हत्ती दिसत नव्हता."

जगन्नाथपंत पुन्हा बसले. "मंग आण सोडा, वहिनी. जल्दी सोडा."

"सोडली," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि कनवटीची पेन्सिल काढून नवऱ्याच्या हातात दिली.

मास्तर एकदम ताठ झाले. "पहिली गोष्ट," ते म्हणाले, "हा चहा माणसानं प्यायच्या लायकीचा नाही." एवढं बोलल्यावर त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी नवा डबा मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. ऱ्हस्व झालं, दीर्घ झालं. जगन्नाथपंत पुढे सरकून ऐकत होते, मांडीवर थाप मारत होते.

"बराबर. हे सगळं त्या छापखान्यातल्या कंपोझिटरचं काम," ते म्हणाले. "तेलुगू माणूस, मराठी अक्षरांचे खिळे उलटेसुलटे लावून राह्यला. आमच्या भालचंद्रानं मजकूर नीट लिहून दिल्ता. काय रे?"

"हां," भालचंद्र जमिनीला म्हणाला.

"छे, छे," मास्तर म्हणाले. आता त्यांना थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. "त्या गरीब कंपोझिटरला उगाच बोल लावू नका. कंपोझिटर काना खाईल, वेलांटी उलटी लावील. इथं तसं नाही. हे बघा, हा मंजन, तोंड होतो, रक्त येतो. हे उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, म्हणून यानं एकूण एक नपुंसकलिंग गिळलं." नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण मास्तरांना दिसला नाही. "ज्यानं हे लिहून दिलं, त्याला पुन्हा पहिलीत नेऊन बसवा."

मास्तरांनी विजयानं मान वर केली तेव्हा त्यांना सरोजिनीबाईंचे डोळे दिसले, आणि आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. जगन्नाथपंत सावकाश मुलाकडे वळत होते. भालचंद्राचे कान लाल झाले होते.

"भालचंद्र," जगन्नाथपंत म्हणाले, "तू मला म्हणाल्ता, छापखान्यानं बिघडवलं."

अख्ख्या अंबडात ज्याचं शिक्षण बाप मिरवत होता तो मुलगा, मुलगी बघायला येऊन मुलीच्या दारात पहिलीत बसला होता. हे लग्न आता होत नाही, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. तिसरंही गेलं, आणि तेही आपल्याच तोंडानं.

तेवढ्यात तारा कुणी न बोलावता बाहेर आली. तिनं वडिलांच्या मांडीवरचा डबा उचलला आणि लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अण्णा, तुमची चूक होऊन राह्यली," ती म्हणाली. "हे कंपोझिटरचंच काम हाय."

"तारा, अगं, नपुंसकलिंग कंपोझिटर कसा…"

"तेलुगू माणूस, त्याला काय कळणार? दिसलं तसं लावलं त्यानं. लिहिणारा असं लिहीलच कसा?"

"तूच मला मागच्या महिन्यात अगरबत्तीच्या पुडक्यावर दाखवलं होतंस, की लिहिणाऱ्याची चूक कुठली आणि…"

"मी नीट बघितलं, अण्णा," तारा म्हणाली. असं म्हणताना ती डब्याकडे बघत नव्हती.

मास्तरांनी तिच्या नजरेमागून पाहिलं. भालचंद्रानं आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली होती. त्याच्यासमोरचा कप रिकामा होता. बाकीच्यांचे कप अर्धवट भरलेले पडले होते, आणि या पोरानं मंजनाचा चहा तळापर्यंत पिऊन टाकला होता. चहा कसा झालाय हे त्याला कळलं तरी होतं की नाही, देव जाणे.

मास्तरांना सगळं समजलं, आणि त्यांचा जीव गलबलून आला. त्यांची तारा, त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, ढळढळीत चूक समोर असताना ती नाही म्हणत होती. मास्तरांनी आजवर अशी चूक कुणाची सोडली नव्हती, हेडमास्तरांची नाही, भटजींची नाही. त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला.

"दाखव बरं," ते म्हणाले. त्यांनी डबा उजेडात धरला. बराच वेळ धरला. "हां. माझी जरा घाई झाली, पंत. कंपोझिटरचीच चूक आहे ही."

"मी काय म्हणून राह्यलो मघापासून?" जगन्नाथपंतांनी मोठा श्वास सोडला आणि त्यांचे सगळे दात दिसले. "तुम्ही आता असं करा, लेबल छापायच्या आधी एकदा तुमच्याकडे येत जाईल. नंदे, तुझं काय म्हणणं?"

"पोरगी पसंत हाय," नंदाबाई म्हणाल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलेलं दिसत होतं. "चहाचं मी बघत जाईन."

सरोजिनीबाई साखर आणायला आत वळल्या, त्या डोळे पुसतच.

निघताना जगन्नाथपंत पुढे टांगा बघायला गेले, बायका दाराशी हळदीकुंकवात अडकल्या. भालचंद्र पायरीवर बसून जोडे घालत होता. मास्तर जवळ आले तसा तो हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, त्या कंपोझिटरचं… पुढं काय होईल?"

"काय व्हायचं? शिकेल," मास्तर म्हणाले. "आता घरातच शिकवणी लागली की त्याची."

"शिकवणारी लई कडक हाय का?"

"माझ्यासुद्धा चुका काढते. आजवर एक सोडली नाही तिनं." मास्तरांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "आज पहिल्यांदाच सोडली. का सोडली, ते तिलाच विचारा सावकाश."

भालचंद्र एक जोडा पायात आणि एक हातात घेऊन दाराकडे बघत राहिला, आणि तिकडे अंबडची मोटार खरंच निघून गेली.